वाकडी बोटे सरळ होतात

‘प्लॅस्टिक सर्जरी’ हे शब्द दिवाणखान्यात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादी चित्रपटतारका उभी राहते. कुणाचे बसके नाक धारदार झाले, कुणाच्या सुरकुत्या गेल्या, कुणी किती लाख मोजले, अशा गोष्टी मग रंगतात. एका वयस्क गृहस्थांनी तर मला अगदी गंभीरपणे विचारले होते, “पण हे प्लॅस्टिक उन्हात मऊ पडत नाही का हो?” वर्ध्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला हा प्रश्न पडणे साहजिकच आहे!

त्या गृहस्थांना जे सांगितले तेच इथे प्रथम सांगते. या शस्त्रक्रियेत आपल्या बादल्या-डब्यांचे प्लॅस्टिक नसते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घडवणे, आकार देणे’ असा आहे. कुंभार मातीला आकार देतो, तसा शल्यचिकित्सक कातडी, स्नायू आणि हाडे यांना देतो. फरक एवढाच, की कुंभाराला हवी तेवढी माती मिळते. शल्यचिकित्सकाला मात्र रोग्याच्याच अंगावरून, एका जागचे काढून दुसऱ्या जागी लावावे लागते. आणि जिथून काढले तिथे नवा खड्डा पडून चालत नाही.

मी स्वतः शल्यचिकित्सक नाही. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रोग्यांकडून हातापायांचे व्यायाम करून घेणे, हे माझे काम. वर्धा जिल्ह्यात मी ते अनेक वर्षे केले. माझ्यापुढे येऊन बसणाऱ्यांत तारका कधीच नव्हती. बहुतेक जण शेतमजूर असत, आणि त्यांतल्या कित्येकांचे हात कुष्ठरोगाने वाकडे झालेले असत. म्हणूनच या शास्त्राची ओळख त्यांच्या हातांवरून करून द्यावी, असे मला वाटते.

पुण्याजवळचे नाक, लंडनचा चमत्कार

हे शास्त्र साहेबाने आणले असा आपला एक समज असतो. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक जोडण्याची कृती स्पष्ट दिली आहे. वेलीचे पान नाकाच्या मापाने कापून घ्यायचे, त्या मापाची कातडी गालावरून सोडवायची, ती नाकाच्या जागी बसवायची, आत दोन नळ्या ठेवून नाकपुड्या उघड्या राखायच्या, आणि वर पतंग, ज्येष्ठमध वगैरेंचे चूर्ण भुरभुरायचे. पानाने माप घेण्याची युक्ती किती साधी आणि किती नेमकी आहे, पाहा!

ही विद्या नुसती पोथीत राहिली नव्हती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हिंदुस्थानातून आलेले एक पत्र छापले गेले. त्यात कावसजी नावाच्या एका मराठा शेतकऱ्याची हकीकत होती. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकीत असे. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीतला होता. त्याने मेणाच्या पत्र्याने माप घेतले, कपाळावरची कातडी त्या मापाने सोडवली, दोन भुवयांच्या मध्ये मात्र ती जोडलेलीच ठेवली, आणि पीळ देऊन खाली नाकाच्या जागी बसवली. सुमारे पंचवीस दिवसांनी, नाक धरल्यावर, मधला दुवा कापून टाकला. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे स्वतः पाहिले होते.

ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिची माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. युरोपातल्या नव्या प्लॅस्टिक सर्जरीची सुरुवात येथून मानतात. कावसजीचे नाव त्या पत्रामुळे जगाला ठाऊक झाले; त्या वीटवाल्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

रोप आणि दाबकलम

भुवयांच्या मधला तो दुवा पंचवीस दिवस का ठेवला होता? या एका प्रश्नात शास्त्राचा मूळ सिद्धान्त आहे. कातडी जगते ती रक्तावर. रक्त तुटले की ती वाळते, काळी पडते.

आपल्या घरी बाग असेल तर हे लगेच ध्यानात येईल. रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्या वाफ्यात लावता येते. पण जमीन ओली आणि कसदार असली तरच ते धरते. मांडीवरची पातळ कातडी काढून भाजलेल्या जागी लावतात, ती या रोपासारखी. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतला ओलावा शोषून तग धरते. मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. खाली तांबूस, स्वच्छ मांस असेल तर ती रुजते. उघडे हाड असेल, पू असेल, तर ती मरते.

मोगऱ्याची फांदी न तोडता वाकवून मातीत दाबतात. मुळे फुटली की मग ती आईपासून तोडतात. हे झाले दाबकलम. कावसजीचे नाक असे दाबकलम होते. अशी कातडी आपले रक्त बरोबर घेऊनच येते, म्हणून उघड्या हाडावरही ती जगते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे फाटलेले हजारो सैनिक इंग्लंडात सिडकपच्या रुग्णालयात आले, तेव्हा सर हॅरल्ड गिलीज यांनी हीच युक्ती अनेक अंगांनी वाढवली. आता तर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवून दूरचा तुकडाही एकदम आणता येतो.

बाकीचे नियम घरच्या शिवणकामासारखेच आहेत. ठिगळ शक्यतो त्याच पोताच्या कापडाचे असावे. साध्या टाक्याने भागत असेल तर मोठा घाट घालू नये. जे शाबूत आहे ते उसवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की आधी काम, मग रूप. हात सुंदर दिसतो पण घास उचलत नाही, तर त्या सौंदर्याचा रोग्याला काय उपयोग?

नाक आणि कातडी यांच्या पुढची पायरी म्हणजे हरवलेली हालचाल परत आणणे. या पायरीशी वर्ध्याचा जवळचा संबंध आहे.

सेवाग्रामची झोपडी

विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. त्या काळी घरोघर ‘महारोग’ हाच शब्द होता, आणि तो शब्द उच्चारला की दार बंद होत असे. १९३९ साली संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री सेवाग्राम आश्रमात आले. ते गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगातले सोबती होते आणि रोगाने जर्जर झालेले होते. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केले. देशाचे राजकारण ज्या अंगणात चालत होते, त्याच अंगणात हे चालत होते. पुढे आपल्या विधायक कार्यक्रमात गांधीजींनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचे कलम आवर्जून घातले.

गांधीजींच्या पश्चात, १९५१ साली, त्यांच्या स्मारक निधीतून वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वारदेकर आणि त्यांचे सहकारी रोग्याने दाराशी येण्याची वाट न पाहता खेड्याखेड्यांत गेले. घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि घरच्या घरी औषध, अशी ती त्रिसूत्री होती. रोग्याला वस्तीबाहेर काढण्याऐवजी औषध वस्तीत नेले गेले. पुढे १९८० नंतरच्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची बहुविध उपचारपद्धती आली, तेव्हा ती प्रथम राबवलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता.

औषधाने जंतू मरतात. पण आधीच मेलेला मज्जातंतू औषधाने जिवंत होत नाही. रोगी रोगमुक्त होतो आणि हात वाकडाच राहतो. लोक जंतू पाहत नाहीत, हात पाहतात. म्हणून बरा झालेला माणूसही ‘तसाच’ राहतो. येथून शल्यचिकित्सकाचे काम सुरू होते.

कळसूत्राच्या दोऱ्या

कोपर भिंतीवर आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तिथे एक मज्जातंतू कातडीच्या अगदी खाली आहे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा आवडतात, आणि वरवर असलेला हा मज्जातंतू तसा थंड. तो बिघडला की तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात. पण बोटे वळवणारे मोठे स्नायू कोपराखाली, पुढल्या हातात असतात आणि ते शाबूत राहतात. जोडीदार गेलेल्या बैलाने गाडी एका बाजूला ओढावी तसे होते आणि बोटे पंजासारखी आकसतात.

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक १९४७ साली मद्रासजवळच्या चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात गेले होते. तिथे वाकड्या पंजाच्या एका रोग्याच्या हातात त्यांनी हात दिला आणि त्याच्या पकडीने ते कळवळले. एवढा जोर या हातात शिल्लक आहे, तर तो वळवून का घेऊ नये, हा विचार त्यांना सुचला. १९४८ सालापासून वेल्लोरला त्यांनी या शस्त्रक्रिया सुरू केल्या. आपल्या महाराष्ट्रात इंग्लंडहून शिकून आलेल्या डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. इकडे नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशातला तो पहिलाच.

शस्त्रक्रियेची युक्ती कळसूत्री बाहुलीवरून समजते. आपल्या प्रत्येक बोटाला वळवणाऱ्या दोन दोऱ्या आहेत, एक वरची आणि एक खोल. दोन्ही जवळजवळ एकच काम करतात. मग मधल्या बोटाची वरची दोरी सोडवायची, तिच्या चार शेपट्या करायच्या, आणि त्या चारही बोटांच्या बाजूंना अशा बसवायच्या की लुळ्या पडलेल्या छोट्या स्नायूंचे काम त्यांनी करावे. अंगठाही पडला असेल तर अनामिकेची एक दोरी त्याच्याकडे वळवायची. घरात दोन सांडश्या असल्या तर एक शेजारी देता येते, तसाच हा हिशेब.

याच तत्त्वावर इतरही दुरुस्त्या होतात. पाऊल लोंबत असेल तर पायाच्या आतल्या बाजूचा स्नायू पुढे आणून ते उचलतात. डोळा मिटत नसेल तर कानशिलावरच्या, घास चावण्याच्या स्नायूची एक पट्टी पापणीपर्यंत नेतात. मग रोगी दात आवळतो आणि डोळा मिटतो. जेवताना त्याचे डोळे प्रत्येक घासाला मिचकतात, त्याचे त्यालाही हसू येते. पण डोळा वाचतो. गेलेल्या भुवयांच्या जागी डोक्यावरची केसाळ कातडी लावतात. तिला आपण कुठे आलो हे कळत नाही. केस डोक्यावरच्यासारखेच वाढत राहतात आणि रोग्याला भुवया कातराव्या लागतात!

चिमटीत बोंड

हिंगणघाटच्या बाजूची एक बाई आमच्याकडे आली होती. कापूस वेचणे हाच तिचा पोटाचा धंदा. उजवा हात पंजासारखा झालेला. औषधे पूर्ण झाली होती. मी तिला शस्त्रक्रिया समजावून सांगू लागले तेव्हा तिने मधेच विचारले, “ताई, बोटं सरळ नाई दिसली तं चालते. पण चिमटीत बोंडातला कापूस येईन का?”

आधी काम, मग रूप, हा नियम मी पुस्तकात शिकले होते. या मावशींना तो कुणी शिकवला नव्हता.

अशा रोग्याला लगेच टेबलावर घेत नाहीत. रोग शांत होऊन आणि लुळेपणा स्थिर होऊन बरेच महिने जावे लागतात. सांधे ताठरलेले असतील तर दोरी कितीही चांगली बसवली तरी बोट हलणार नाही. म्हणून आधी आमची पाळी. हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचे, मांडीवर ठेवून एकेक बोट हलकेच सरळ करायचे, रोज, न कंटाळता. मावशींच्या सांध्यांनी सहा आठवडे घेतले.

मग शस्त्रक्रिया, आणि सुमारे तीन आठवडे प्लॅस्टर. प्लॅस्टर निघाले त्या दिवशी बोटे सरळ होती, पण हलेनात. मावशी घाबरल्या. दोरी जागा बदलते, मेंदूला ते ठाऊक नसते. मी सांगितले, “मधलं बोट वळवा.” त्यांनी मनात मधले बोट वळवले आणि चारही बोटे मुळापाशी, पण सरळच, वाकली. त्या हाताकडे बघतच राहिल्या. पुढचे महिनाभर आम्ही तेच केले. आधी कापसाचा बोळा, मग चिंचोके, मग हरभरे, मग तूर. शेवटी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून त्यांनी स्वतःच्या कपाळाला टिकली लावली. ती जरा वाकडी आली. मी पुसू दिली नाही.

जे शस्त्राने येत नाही

निघताना मावशी म्हणाल्या, “हात दिसाले बरा झाला, पण त्याले समजत काई नाई.”

खरे होते ते. हालचाल परत आणता येते. स्पर्श आणता येत नाही. या दिवाळीत चकल्या तळताना आपल्या हातावर तेलाचा थेंब उडाला असेल, तर आपण हात चटकन मागे घेतला असेल. वेदनेला आपण शत्रू समजतो, पण तीच आपली राखणदार आहे. कुष्ठरोग्याची बोटे ‘झडतात’ असे लोक म्हणतात. ती रोगाने झडत नाहीत. बधिर बोट भाजते, कापते, चिघळते, आणि कळत नाही म्हणून त्याच बोटाने काम चालू राहते. वेल्लोरला तर रात्री झोपेत रोग्यांची बोटे उंदीर कुरतडतात, असे पहारा ठेवल्यावर आढळले होते.

म्हणून मावशींचे दुसरे शिक्षण झाले. तव्यावरची भाकरी हाताने उलथायची नाही. चहाचा पेला कानाचा घ्यायचा. कापसाच्या वाळक्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, तेव्हा वेचताना कापडी मोजा घालायचा. आणि रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर दोन्ही हात उजेडात धरून पाहायचे. जे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनी पाहायचे.

पण एका गोष्टीवर माझ्यापाशी व्यायाम नव्हता. घरी त्यांचे ताट-वाटी वेगळे होते. औषध पूर्ण झाले तरी वेगळेच होते. हात सरळ झाल्यावर सून काय करील, हे त्यांनी मला विचारले नाही. मीही सांगू शकले नसते. पुढल्या तपासणीला त्या आल्या तेव्हा सून बरोबर होती. पिशवीतून तिने डबा काढला. “आत्याबाईनं भाकरी थापली आज,” ती म्हणाली आणि आमच्यासमोर त्यातली अर्धी तोडून स्वतः खाल्ली. मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या.

सगळीकडे असे होतेच असे नाही. शिकलेल्या घरांत भीती कमी असते, असेही मी पाहिलेले नाही. तिथे ती सभ्य शब्दांत असते, एवढेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नमूद होते. रोग पूर्ण बरा करणारी औषधे येऊन कित्येक दशके उलटली, तरी ते कलम २०१९ साली निघाले.

आपल्यासाठी चार शब्द

देशपातळीवर हा रोग आटोक्यात आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. आटोक्यात आला म्हणजे संपला नव्हे. नवे रोगी आजही सापडतात, विदर्भातही सापडतात. तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, आणि टाचणीचा किंवा कापसाचा स्पर्श तिथे कळत नसेल, तर लाजू नये, लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागते. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती राहत नाही. शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव माणसांना तर मुळातच हा रोग होत नाही. वेळेवर औषध घेतले तर हात वाकडा होत नाही आणि या लेखात वर्णिलेली एकही शस्त्रक्रिया लागत नाही. चांगल्या शल्यचिकित्सकाला आपले काम असे कमी झालेले आवडते.

आणि ज्यांचा हात आधीच वाकडा झाला आहे, त्यांना सांगावे, की तो सरळ होऊ शकतो. शस्त्रक्रिया सरकारी व्यवस्थेत विनामूल्य होते, आणि गरिबाला बुडालेल्या मजुरीबद्दल काही रक्कमही मिळते. पुष्कळांना हे ठाऊकच नसते. आपली भांडी घासणारी बाई, गल्लीतला रखवालदार, गावाकडचा गडी, यांच्यापैकी कुणाचे बोट वाकडे दिसले तर नजर फिरवण्याआधी एवढे विचारावे, “डॉक्टरांना दाखवलंत का?” माझ्यापुढे येऊन बसलेल्यांपैकी बरेच जण असे कुणी तरी विचारले म्हणूनच आले होते.